आजीच्या अक्षरावरची पिवळी रेघ

मागच्या वेळी पासवर्डांबद्दल लिहिलं, तेव्हा कॉलेजात जाणाऱ्या दोघा-तिघांनी कळवलं, "दादा, नुसते सल्ले नकोत. एकदा कोडबद्दल लिहा." म्हणून आज कोड. तोही अगदी छोटा. वेबपानावरच्या कॅनव्हासवर जावास्क्रिप्टने अर्धपारदर्शक रेघ कशी काढायची, एवढाच विषय. ऐकायला दहा मिनिटांचं काम आहे. मला चार महिने लागले, आणि त्यात एक चूक अशी झाली की ती आता दुरुस्त होणार नाही. तुमची होऊ नये म्हणून लिहितोय.

एक सूचना आधीच. कोडमधली नावं मी इथे देवनागरीत देतोय. टाइप करताना ती इंग्रजीतच करायची, जोडून, मध्ये जागा न सोडता.

आता हे सगळं सुरू कशामुळे झालं, ते सांगतो. आमचं घर दांडिया बाजारातलं. लेक सात वर्षांची. शाळेत इंग्रजी आणि गुजराती, घरात मराठी. बोलते झकास. लिहायला बसली की मात्र गुजराती वळण येतं. गुजराती अक्षरांना शिरोरेघ नसते, त्यामुळे हिची मराठी अक्षरंही उघड्या डोक्याची. ख, च, ज, झ ही अक्षरं तर दोन्ही लिप्यांत इतकी वेगळी, की ती मध्येच कुठलंतरी तिसरंच काढते. माझी आई तीस वर्षं मराठी शाळेत पहिली-दुसरीला शिकवत होती. नातीची वही बघून ती म्हणाली, "अरे, हिच्या घरांना भिंती आहेत, छप्परच नाही."

आईचा उपाय ठरलेला : गिरवणं. पाटीवर आपण ठळक अक्षर लिहायचं आणि मुलाने त्यावरून पेन्सिल फिरवायची. दहा वेळा, वीस वेळा. हात शिकतो, डोकं मागून येतं. पण पाटी म्हटल्यावर लेकीने तोंड वाकडं केलं. टॅबलेट म्हटल्यावर मांडी घालून बसली. मग मी म्हटलं, टॅबलेटवरच गिरवू या. बाप इंजिनिअर आहे, कलाभवनातून बी.ई. झालाय, एवढं तरी जमायला हवं.

तयार फॉन्टमधली अक्षरं वापरता आली असती. पण बऱ्याच फॉन्टमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे येतात. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये वर्णमालेबद्दल निर्णय काढला, त्यात मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श धरले आहेत. आईला निर्णय-बिर्णय माहीत नव्हता. तिने पडद्याकडे बघितलं आणि म्हणाली, "हा आपला ल नाही." आणि फॉन्टमधलं अक्षर एकदम पूर्ण उमटतं. सुरुवात कुठून, हात कुठे वळवायचा, हे त्यातून कळत नाही. तेव्हा ठरलं की अक्षरं आईनेच टॅबलेटवर लिहायची, फिक्या करड्या रंगात, आणि लेकीने त्यावरून पिवळी रेघ ओढायची. पिवळ्यातून खालचं करडं दिसत राहिलं पाहिजे. म्हणजे दोन्ही रेघा अर्धपारदर्शक.

पाटी आणि अल्फा

कॅनव्हास म्हणजे खरोखर पाटीच. पानावर कॅनव्हास ठेवला आणि मापं दिली नाहीत, तर तो ३०० पिक्सेल रुंद आणि १५० पिक्सेल उंच होतो. डाव्या वरच्या कोपऱ्यात शून्य. उजवीकडे गेलं की एक्स वाढतो, खाली आलं की वाय वाढतो. शाळेतल्या आलेखाच्या उलट, एवढं लक्षात ठेवायचं. ॲपलने २००४ मध्ये मॅकच्या डॅशबोर्डमधल्या छोट्या ॲप्ससाठी हा घटक आणला, पुढे तो एचटीएमएलच्या प्रमाणात आला आणि आज प्रत्येक ब्राउझरमध्ये आहे.

पाटीचा मुख्य गुण असा, की तिला रेघ आठवत नाही. एकदा रेघ उमटली की उरतात ते रंगलेले पिक्सेल. "मघाची तिसरी रेघ पुसून टाक" असं कॅनव्हासला सांगता येत नाही. हा गुण आहे की दोष, ते पुढे येईलच.

प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे असतात, ० ते २५५. चौथा आकडा अल्फा. रंग लिहिताना तो ० ते १ मध्ये लिहायचा : ० म्हणजे पूर्ण पारदर्शक, १ म्हणजे पूर्ण अपारदर्शक. ही कल्पना एड कॅटमल आणि ॲल्वी रे स्मिथ यांची, १९७० च्या दशकाच्या शेवटची. दोन रंगांची सरमिसळ करण्याच्या सूत्रात अल्फा हे ग्रीक अक्षर होतं, तेच नाव राहिलं. पुढे १९८४ मध्ये थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी चित्रावर चित्र ठेवण्याचे प्रकार गणितात नीट मांडले. कॅनव्हास आजही त्याच हिशेबाने चालतो.

हिशेब पाचवीचा आहे. अल्फा ०.४ असेल तर नव्या रंगाचे ४० टक्के आणि खालच्या रंगाचे ६० टक्के. पांढऱ्या (२५५) पाटीवर काळी (०) रेघ ०.४ ने ओढली, तर २५५ चे ६० टक्के, म्हणजे १५३. छान फिका करडा. त्याच जागेवरून पुन्हा ओढली तर १५३ चे ६० टक्के, म्हणजे ९२. तिसऱ्यांदा ५५. दहा वेळा फिरवली की जवळजवळ काळंच. हे तीन आकडे, १५३, ९२, ५५, लक्षात ठेवा. माझ्या सगळ्या चुका ह्यांतच आहेत.

अल्फा द्यायचे दोन मार्ग. 'स्ट्रोकस्टाइल'मध्ये आरजीबीएचा चौथा आकडा म्हणून द्या, म्हणजे तेवढ्याच रंगाला लागू. किंवा 'ग्लोबलअल्फा' ०.४ करा, म्हणजे त्यानंतर काढलेल्या सगळ्याला लागू, परत १ करेपर्यंत. हा परत १ करायला मी दोनदा विसरलो आणि पुसट बटणं का दिसतायत ते शोधत बसलो.

माळेतले मणी

पहिला कोड मी असा लिहिला. बोट किंवा पेन हललं की ब्राउझर 'पॉइंटरमूव्ह' कळवतो आणि नवा बिंदू देतो. मागच्या बिंदूपासून नव्या बिंदूपर्यंत एक छोटी रेघ ओढायची. टोकं गोल असावीत म्हणून 'लाइनकॅप'ला राउंड. जाडी १८. दिवाळीच्या सुट्टीत आईला टॅबलेट आणि पेन दिलं. तिने 'अ' काढला.

अक्षर सुंदर होतं, पण त्यावर गडद ठिपके. करड्या दोऱ्यात काळे मणी ओवल्यासारखे. आई म्हणाली, "ह्या गाठी कसल्या रे?" लेक म्हणाली, "बाबा, हे खोटं आलंय." (बडोद्यात 'चुकीचं' म्हणायला आमच्याकडे 'खोटं' म्हणतात, गुजरातीची कृपा.)

कारण तुम्ही ओळखलं असेल. एका छोट्या रेघेचं गोल टोक आणि पुढच्या रेघेचं गोल टोक एकमेकांवर येतात. रेघेवर १५३, पण सांध्यावर दोन थर, म्हणून ९२. हात सावकाश चालला की बिंदू जवळजवळ पडतात, मणी एकमेकांत घुसतात आणि तीन-चार थर होतात. म्हणूनच आई जिथे वळण काळजीपूर्वक घ्यायची, तिथे सगळ्यात जास्त काळं व्हायचं. टोक गोल न ठेवता सपाट ठेवून पाहिलं. मग वळणावर आतल्या बाजूला थर चढतात आणि बाहेरच्या बाजूला फट पडते. एकूण एकच.

घाईत मी आणखी एक गोंधळ घातला. प्रत्येक छोट्या रेघेआधी 'बिगिनपाथ' लिहायचं राहिलं. 'बिगिनपाथ' म्हणजे मार्ग कोरा करणं. ते नसेल तर कॅनव्हास आधीचा सगळा मार्ग धरून ठेवतो, आणि 'स्ट्रोक' म्हटलं की पहिल्यापासून सगळं परत रंगवतो. शंभर बिंदू झाले तर पहिला तुकडा जवळपास शंभर वेळा रंगतो आणि शेवटचा एकदा. अक्षराची सुरुवात काळी ठार, शेवट फिका. विहिणीची पंगत आठवा : पहिल्या पानाला पाच वेळा वाढणारे येतात, शेवटच्याकडे कुणी फिरकत नाही.

खरा उपाय सोपा आहे. तुकडे करायचेच नाहीत :

१. 'बिगिनपाथ', एकदाच.
२. 'मूव्हटू' करून पहिल्या बिंदूवर जा.
३. बाकीच्या प्रत्येक बिंदूसाठी 'लाइनटू'.
४. 'स्ट्रोक', शेवटी, एकदाच.

एका 'स्ट्रोक'मध्ये कॅनव्हास संपूर्ण रेघेचा एकच आकार धरतो आणि तो एकदाच रंगवतो. रेघ स्वतःलाच ओलांडून गेली, क च्या पोटासारखी गोल फिरून आली, तरी छेदावर थर चढत नाही. सगळीकडे १५३. 'लाइनजॉइन'ही राउंड ठेवा म्हणजे वळणं टोकेरी होत नाहीत.

पण मग अडचण अशी, की लिहिणाऱ्याला रेघ लिहिता लिहिताच दिसली पाहिजे, हात उचलल्यावर नाही. त्यासाठी दोन कॅनव्हास एकावर एक ठेवायचे, काचेवर काच ठेवल्यासारखे. खालचा पक्का, वरचा कच्चा. प्रत्येक नव्या बिंदूला वरचा कॅनव्हास 'क्लिअररेक्ट'ने पुसायचा आणि चालू रेघ पहिल्यापासून परत काढायची. पुसायला विसरलात तर सेकंदाला साठ थर चढतात आणि पारदर्शकता डोळ्यांदेखत संपते. हात उचलला की ती रेघ 'ड्रॉइमेज'ने खाली उतरवायची.

ओढणी आणि पिवळा रंग

आता लेकीचं गिरवणं. ती हात उचलते, परत टेकवते, त्याच जागेवरून पाच वेळा जाते. प्रत्येक वेळी नवी रेघ, म्हणजे नवा थर. पाचव्या थराला पिवळा इतका दाट व्हायचा, की खालचं आजीचं अक्षर बुडून जायचं. एक-स्ट्रोकचा उपाय इथे चालत नाही, कारण इथे रेघाच पाच आहेत.

युक्ती अशी : तिच्या रेघा वरच्या कॅनव्हासवर पूर्ण अपारदर्शक काढायच्या. पिवळ्यावर पिवळा कितीही वेळा ओढला तरी पिवळाच. आणि मग संपूर्ण वरच्या कॅनव्हासलाच सीएसएसमधून 'ओपॅसिटी' ०.४ द्यायची. कपडे कितीही असोत, ओढणी एकच. पारदर्शकता रेघेला द्यायची नाही, पूर्ण थराला द्यायची, हे एकदा कळलं की अर्ध्या अडचणी संपतात. चित्र एकाच कॅनव्हासवर हवं असेल तर पडद्यावर न दिसणारा दुसरा कॅनव्हास करा, त्यावर सगळं अपारदर्शक काढा, आणि 'ग्लोबलअल्फा' ०.४ ठेवून तो एकदाच 'ड्रॉइमेज' करा. तेच काम.

तरी आईचं समाधान नव्हतं. "रंग लागला की माझं अक्षर मळकं होतं." बरोबर होतं तिचं. करड्या अक्षराचा लाल घटक १५३. त्यावर पिवळ्याचे (लाल २५५) ४० टक्के चढवले की तो १९४ होतो. म्हणजे अक्षर उजळतं आणि कागदात मिसळू लागतं. खऱ्या हायलायटरने छापील अक्षर असं पुसट होत नाही, कारण शाई आणि रंग एकमेकांत गुणले जातात. कॅनव्हासमध्ये ही सोय आहे : 'ग्लोबलकॉम्पोझिटऑपरेशन'ला 'मल्टिप्लाय'. दोन वेगळे कॅनव्हास एकावर एक असतील तर सीएसएसमध्ये 'मिक्स-ब्लेंड-मोड' मल्टिप्लाय. ह्यात पांढऱ्यावर पिवळा पिवळाच दिसतो, आणि काळ्यावर काळं काळंच राहतं. अक्षर परत वर आलं.

शेवटची एक गंमत, कारण ही सगळ्यांनाच भेटते. लेकीला दुरेघी वही हवी होती. मी वाय ४० वर एक पिक्सेल जाडीची पूर्ण अपारदर्शक काळी रेघ काढली, आणि आली दोन पिक्सेल जाड, करडी. अल्फा कुठे दिलाच नव्हता! झालं असं, की ४० हा आकडा दोन पिक्सेलांच्या मधल्या सीमेवर पडतो. रेघ ३९.५ ते ४०.५ पसरते, दोन्हीकडच्या पिक्सेलचा अर्धा अर्धा भाग झाकते, आणि ब्राउझर दोघांनाही अर्धा रंग देतो. न मागता मिळालेली पारदर्शकता. ४० च्या जागी ४०.५ लिहा, रेघ स्वच्छ येते. आणि मोबाइल-टॅबलेटवर एकूणच चित्र धुरकट दिसत असेल तर 'डिव्हाइसपिक्सेलरेशो' बघा. तो २ असेल तर कॅनव्हासची आतली रुंदी-उंची दुप्पट करून 'स्केल' २ करायचं.

जे परत आलं नाही

आता ती चूक.

दिवाळीच्या आठ दिवसांत आईने 'अ' पासून 'ज्ञ' पर्यंत सगळं लिहून दिलं. रोज दुपारी चहानंतर चार-पाच अक्षरं. मणी तेव्हा होतेच. मी म्हणत होतो, "तू लिही, गाठी मी नंतर काढतो." प्रत्येक अक्षर झालं की मी 'टूडेटायूआरएल' वापरून त्याचं चित्र साठवत होतो. सोपं होतं. एका ओळीचं काम.

डिसेंबरात आई ओल्या फरशीवरून घसरली आणि उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लॅस्टर. प्लॅस्टर निघाल्यावर बोटं आखडलेली आणि हातात थरथर. आता व्यायामाने पुष्कळ सुधारणा आहे, पोळ्या लाटते, पण पेन धरलं की रेघ हलते.

फेब्रुवारीत मी टूल दुरुस्त करायला बसलो. मणी घालवणं अवघड गेलं नाही. चित्रातला जो पिक्सेल थोडाही रंगलेला आहे, त्याला एकच रंग द्यायचा. कडा जरा खरखरीत झाल्या, पण अक्षरं नितळ झाली. खूश होऊन मी पुढच्या कामाला लागलो : अक्षर हळूहळू लिहिलं जाताना दाखवायचं. आधी कुठली रेघ, हात कुठून कुठे गेला, शिरोरेघ शेवटी कशी येते. ह्यासाठीच तर फॉन्ट नको म्हटलं होतं.

आणि तेव्हा लक्षात आलं की ते माझ्याकडे नाहीच. पाटीला रेघ आठवत नाही. माझ्याकडे होते फक्त रंगलेले पिक्सेल. लिहिताना सगळे बिंदू माझ्या कोडच्या हातातून गेले होते. प्रत्येकाची जागा, वेळ, पेनाचा दाबसुद्धा ब्राउझर देत होता. मी ते वापरून फेकून दिले होते. ठेवले असते तर मणीही एका ओळीत गेले असते, कारण त्याच बिंदूंतून नवी रेघ काढता आली असती. आईच्या पूर्वीच्या हाताचं चित्र माझ्याकडे आहे. तिचं लिहिणं नाही.

कामाच्या ठिकाणी मीच नव्या मुलांना सांगतो, कच्चा डेटा आधी साठवा, दिसणारं चित्र त्यातून केव्हाही करता येतं. घरी आईसमोर बसलो होतो, म्हणून मला ते कळलं नाही. घरचं माणूस उद्याही लिहून देईल, असं गृहीत धरलं होतं.

आईला सांगितलं. तिला वाईट वाटेल असं मला वाटत होतं. ती म्हणाली, "मग आण तो टॅबलेट. परत लिहू."

आता प्रत्येक अक्षर दोनदा साठवतो. एक बिंदूंची यादी, जशी आली तशी, हात न लावता. एका अक्षराचे फार तर दोन-तीनशे बिंदू होतात, फाईल अगदी छोटी. दुसरं, त्यातून काढलेलं चित्र.

थरथरीचं काय करायचं, ह्यावर मात्र घरात वाद झाला. रेघ सरळ करणं शक्य आहे. प्रत्येक बिंदूच्या जागी त्याची आणि शेजारच्या बिंदूंची सरासरी घ्यायची. मग 'क्वाड्रॅटिककर्व्हटू' वापरून दोन बिंदूंच्या मध्यापासून पुढच्या मध्यापर्यंत वक्र काढायचा, म्हणजे कोपरे जातात. जपून करायचं एवढंच. सरासरी फार मोठी घेतली की वळणं आत ओढली जातात आणि क चं पोट बसतं. पाच बिंदूंची सरासरी आम्हाला मानवली.

मी म्हटलं, "आई, मला वाटतं जसं आहे तसंच ठेवावं. तुझा हात आहे तो."

"माझा हात कसा हलतो ते तिने कशाला गिरवायचं?" आई म्हणाली. "तिला अक्षर शिकायचंय. सरळ कर."

सुदैवाने ह्यात कुणी हरायची गरज नव्हती. बिंदू आहेत तसे फाईलमध्ये आहेत, रेघ काढताना सरासरी होते. लेकीला सरळ अक्षर दिसतं. मला हवं तेव्हा मी सरासरी बंद करून बघतो. आईला हे ठाऊक आहे. ती काही बोलत नाही.

परवा पहिल्यांदा तिने स्वतःचं अक्षर लिहिलं जाताना पाहिलं. करडी रेघ हळूहळू वळत गेली, थांबली, उचलली गेली, शिरोरेघ आली. तीस वर्षं फळ्यावर लिहिलं, पण तेव्हा फळ्याकडे तोंड असायचं आणि लक्ष मागच्या बाकांवर. बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली, "थांब. हा श मी चुकीच्या क्रमाने काढलाय. मुलं हेच शिकतील. पूस तो." पुसला. परत लिहिला.

घरचा अभ्यास

ज्यांना करून बघायचंय त्यांच्यासाठी तीन गोष्टी. साधी एचटीएमएल फाईल आणि ब्राउझर, बाकी काही लागत नाही.

एक : अल्फा ०.४ ची जाड रेघ आधी तुकड्यातुकड्यांनी काढा, मग एकाच 'स्ट्रोक'मध्ये. दोन्ही शेजारी ठेवा. मणी दिसले म्हणजे बरोबर चाललंय.

दोन : 'गेटइमेजडेटा' वापरून एका थराच्या जागेचा पिक्सेल वाचा, मग दोन थरांच्या जागेचा. आधी कॅनव्हास 'फिलरेक्ट'ने पांढरा रंगवून घ्या, नाहीतर पार्श्वभूमी पारदर्शक असते आणि आकडे जुळत नाहीत. १५३ आणि ९२ आले पाहिजेत, एखाद्या आकड्याचा फरक चालेल.

तीन : बिंदू एका यादीत साठवा, पाटी पुसा, आणि यादीतून तीच रेघ परत काढा. नंतर तीच रेघ 'रिक्वेस्टअ‍ॅनिमेशनफ्रेम' वापरून थोडी थोडी, लिहिल्यासारखी काढा. आणि हा तिसरा प्रयोग स्वतःच्या सहीवर करू नका. घरात जे कुणी मोठं माणूस असेल, त्याच्या किंवा तिच्या अक्षरावर करा. आजोबांची मोडी येत असेल तर मोडीवर करा. फाईल जपून ठेवा, दोन ठिकाणी.

लेकीच्या अक्षरांना आता छप्पर आलंय. कधी कधी उत्साहात ती गुजरातीच्या वहीतही शिरोरेघ मारते आणि शाळेतून लाल शेरा घेऊन येते. आई म्हणते, होईल सवय.

आईचं लिहून व्हायचंय अजून. एका बैठकीत दोन अक्षरांपुढे हात दमतो. ळ, क्ष आणि ज्ञ राहिलेत. आज रविवार आहे. चहा झाला की बसणार आहोत.